उत्तररंग पल्याड

"पेटी मीट, मुकुंदा," द्वारकाताई म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या कानांचाच काही घोटाळा झाला. आख्यान ऐन जागी आलं होतं. साळूबाई नदीकाठी येऊन उभी राहिली होती. हातात नैवेद्याचं ताट, पाणी चढत चाललेलं, देव पलीकडच्या काठावर. यापुढे साळूबाई नावाड्याला हाक मारते. त्या हाकेसाठी माझं बोट तार षड्जावर येऊन टेकलं होतं आणि मांडवातली माणसं श्वास धरून बसली होती.

ती हाक म्हणजे आमच्या गावाचं दुसरं दैवत होतं म्हटलं तरी ग्रामदेवतेला राग येणार नाही. ताई एक हात कमरेवर ठेवत, दुसरा कपाळावर आडवा धरत आणि 'नावाड्याऽऽ' म्हणून अशी आरोळी देत की ती पऱ्यावरून, गावच्या ओढ्यावरून, जाऊन पल्याडच्या टेपाच्या उंचवट्यावर आपटायची आणि परत यायची. गोठ्यातली गुरं कान टवकारायची. मग देवच नावाडी होऊन येतो, साळूबाईला होडीत घेतो, हे सगळं पुढचं. ते पोराटोरांनाही पाठ होतं. माणसं यायची ती हाकेसाठी.

"मीट ना," ताई पुन्हा म्हणाल्या. मी भाता बंद केला.

त्रिपुरी पौर्णिमेचा उत्सव होता. देवळापुढच्या मांडवात आमची देऊळवाडी आणि पऱ्यापलीकडची टेपवाडी, दोन्हीकडची मंडळी दाटीनं बसली होती. पूर्वरंग संपून ताईंच्या गळ्यात झेंडूचा हार पडला होता, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला होता. पुढच्या रांगेतले तात्या खोत मांडी बदलत म्हणाले, "काय झालं गो, द्वारका? पाणी हवं का?"

"पाणी आहे की समोर, कमरेएवढं," ताई म्हणाल्या. "साळूबाई अल्याड उभी आहे आणि देव पल्याड. राहिलेला उत्तररंग मी पल्याड करीन. पक्क्या साकवावरून चालत जाईन आणि धुळपांच्या फणसाखाली उभी राहीन. तुम्हीही तसेच या."

मग तात्या म्हणाले, "आणि आरती?"

"आरती कीर्तन संपल्यावर होते, तात्या. कीर्तन संपलंय कुठं?"

टेपवाडीचे शिवराम धुळप मागून बोलले, "म्हणजे साकव होईस्तोवर आम्ही हितंच बसायचं काय?" मांडवात हशा पिकला.

"घरी जा, दादा. जेवा, भात झोडा, लेकीबाळींची लग्नं करा. फक्त लक्षात ठेवा की कीर्तन चालू आहे. कीर्तनात बसलेल्या माणसानं काय करू नये, हे सगळ्यांच्या आयांनी सगळ्यांना शिकवलंय. आपापसात बोलू नये, भांडू तर नयेच. ज्याला जमायचं नसेल, त्यानं कपाळाचा बुक्का आत्ता पुसावा."

कुणी पुसला नाही. भरल्या मांडवात चारचौघांदेखत बुक्का पुसायला लागणारी छाती आमच्या गावात कुणाची नव्हती.

ताईंनी गळ्यातला हार काढला, झांजा पेटीवर ठेवल्या आणि तशाच पऱ्यावर उतरल्या. तिथे पाण्यात रखडलेल्या साकवाचा, म्हणजे पायपुलाचा, एकुलता एक खांब अर्धवट उभा होता. डोक्यावर गंजलेल्या सळया. गाव त्याला 'खुंटी' म्हणायचं. ताई साडीचा ओचा धरून पाण्यात शिरल्या आणि त्यांनी तो हार खुंटीच्या सळईत अडकवला. त्यानंतर त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असताना आडव्या गप्पा मारत नाही, म्हणून हे मौन, असं आम्ही सगळे समजलो.

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. पण द्वारकाताई जन्मल्या टेपवाडीत आणि सून म्हणून आल्या देऊळवाडीत. अल्याडला त्यांच्यावर रागावायचं तर सुनेवर रागवावं लागे आणि पल्याडला लेकीवर. यजमान लवकर गेले, मूल नव्हतं, सासऱ्यांनी कीर्तन शिकवलं ते त्यांनी जन्मभर उराशी धरलं.

आता साकवाचं सांगतो. पऱ्या तसा लहानच, पण पावसात तो कुणाचं ऐकत नसे. पूर्वी दर वर्षी दोन्ही वाड्या मिळून लाकडाचा साकव घालायच्या आणि दर वर्षी पाणी तो न्यायचं. मग पक्का साकव मंजूर झाला, रऊफभाई मुकादमांनी काम घेतलं, नारळ फुटला, आणि तिथून भांडण सुरू झालं.

देऊळवाडी म्हणे साकव देवळासमोर हवा. टेपवाडी म्हणे दुकानापाशी हवा. ते मिटेतो पाऊस आला. दुसऱ्या वर्षी जागा ठरली, तर उंचीवरून अडलं. त्यानंतर पलीकडची वाट कुणाच्या खाचरातून न्यायची यावरून. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे गावातला प्रत्येक माणूस रऊफभाईंना गाठून म्हणायचा, "बाकी तुमचं चालू द्या, पण एवढं एक करा." एकाला कठडा हवा, दुसऱ्याला नको, कारण त्याच्या गवताचे भारे अडकतील. एकाला गुरांसाठी उतार हवा. तात्यांना साकवावर कमान हवी होती, खोतांच्या नावाची.

"मास्तर," रऊफभाई मला एकदा म्हणाले होते, "मला पुरानं कधी अडवलं नाय, खडकानं नाय. ह्या 'एवढं एक'नं मारलं."

त्यांचा मिक्सर येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. थांबलेल्या कामावर मजूर थांबत नाहीत, ते दुसऱ्या गावी निघून गेले. भाड्याच्या सेंटरिंगच्या प्लेटा मालकानं नेल्या. शेडात ठेवलेल्या सिमेंटचे दमट हवेनं गोठून गोणीच्या आकाराचे दगड झाले. त्यावर बसून बायका धुण्याच्या आधी गप्पा मारायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे 'यंदा पक्का होणारच' म्हणून लाकडी साकव घालायचंही गावानं सोडलं. मागच्या आषाढात धुळपांच्या सुनेला डोलीत घालून छातीभर पाण्यातून अल्याड आणली. पोर सुखरूप झालं. पण डोलीच्या पुढच्या दांड्याला द्वारकाताईंनी स्वतः खांदा दिला होता, आणि त्या दिवसापासून त्या पऱ्याकडे पाहून काही तरी मनात मांडत होत्या, हे मी पेटीवर बसून ओळखलं होतं.

रऊफभाई उत्सवाच्या दिवशी खरं तर उरलेल्या सळया न्यायला आले होते. कीर्तन चालू आहे म्हणून मांडवाच्या कडेला टेकले. बुक्का लावणारा त्यांच्यापाशी येऊन घुटमळला, तेव्हा रऊफभाईच म्हणाले, "लाव रे. सिमेंटनं पांढरा होतोच, आज काळा कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आत ते माझ्या ओट्यावर हजर.

"मास्तर, हे कीर्तन संपणार कधी?"

"तुम्ही साकव बांधाल तेव्हा."

"म्हणजे मी पण कीर्तनात?"

"बुक्का तुम्हीच मागून लावून घेतलात."

ते खुंटीकडे वळले. हारावर पहाटेचं दव होतं. "बाईनं माझ्या सळईला हार घातला," ते म्हणाले. "आता ती सळई उपटून कुठल्या तोंडानं नेऊ?" आणि त्याच आठवड्यात त्यांचा मिक्सर परत आला.

गाव लगेच सुधारलं असं मुळीच झालं नाही. खरी कसोटी फणसाची होती. पल्याड साकव उतरतो तिथेच धुळपांचा कापा फणस, आणि वाट सरळ न्यायची तर तो तोडावा लागणार. तात्या पाहणीला आले आणि म्हणाले, "फणस पडला पाहिजे."

"फणस पडायच्या आधी मी पडेन," धुळपदादा म्हणाले.

"मग पड. दोन्ही कामं होतील."

"खोता, तुझ्या आज्यानं माझ्या आज्याचं..."

आवाज चढले. दोन्हीकडून माणसं जमू लागली. रऊफभाईंनी हातातली दोरी खाली ठेवली आणि बिडी शिलगावली, म्हणजे आजचा दिवस गेला. तेवढ्यात धुणं पिळत बसलेली धुळपांचीच सून, ती डोलीतली, मान वर न करता म्हणाली, "कीर्तन चालू आहे ना?"

दोघेही गप्प झाले. धुळपदादांनी नकळत कपाळाला हात लावला. मग तात्या पुढे झाले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "फणस तोडल्याशिवाय वाट सरळ जाणार नाही, शिवराम."

धुळपदादाही तसेच कुजबुजले, "सरळ कशाला जायला हवी? तुमी काय मोटर घेऊन येताय?"

"गाडी नाही, पण मयत न्यायचं झालं तर वळणावर..."

"कुणाचं?"

"माझंच समज."

यावर धुळपदादांना हसू आलं. तात्यांनाही आलं. कुजबुजून भांडता येत नाही, हे आमच्या गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शिवी कुजबुजली की तिचं गुपित होतं. शेवटी वाट फणसाला वळसा घालून न्यायची ठरली, आणि बदल्यात धुळपदादांनी वळणापुरती खाचराची कड सोडली. मी वर पाहिलं तर द्वारकाताई देवळाच्या पायरीवर उभ्या. बोलल्या नाहीत. झांजांची एक बारीक किणकिण केली, जशी कीर्तनात एखादी जागा बरी साधली की करायच्या, आणि आत गेल्या.

त्या किणकिणीची मग माणसांना चटक लागली. 'एवढं एक' घेऊन निघालेला माणूस अर्ध्या वाटेत थांबायचा आणि परत फिरायचा. चारदोन जण बोललेही, नाही असं नाही, पण शेजारचा म्हणायचा, "कीर्तन," एवढंच, आणि विषय मिटायचा. पाण्याला आलेल्या बायका विहिरीवर हळू बोलू लागल्या. शिमग्यात बोंबा मारायच्या की नाही, यावर दोन दिवस खल झाला आणि पालखीपुरती सूट मिळाली. मी पोस्टात बसलो की मला पऱ्याचं पाणी ऐकू यायचं. ते आधीही वाहतच असणार. मला ऐकू येत नव्हतं.

ताईंना बाहेरगावची कीर्तनं मागायला माणसं येत. त्या हात जोडून खुंटीकडे बोट दाखवत. मध्ये एकदा कोल्हापूरला पुतण्याकडे जाऊन आल्या. आल्यावर तशाच गप्प.

स्लॅब पडला तो दिवस मी विसरणार नाही. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबता येत नाही, एका दमात न्यावा लागतो. रऊफभाईंचे मजूर कमी पडत होते. कुणी कुणाला बोलावलं नाही, पण उजाडताना दोन्ही वाड्या पऱ्यावर होत्या. अल्याडच्या हातातून पल्याडच्या हातात घमेली जात होती. खोत आणि धुळप शेजारी शेजारी उभे. मिक्सरची घरघर, फावड्यांचा आवाज, आणि माणसांचा नाहीच. दुपार टळली तेव्हा रऊफभाईंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, मी मशिदीचा घुमट भरलाय. इतकं अदबीनं काम तिथंपण पाहिलं नाय."

"इथे तुमचा कोणी पाय ओढला नाही म्हणून?"

"नाय. इथं मला कुणी शिकवलं नाय म्हणून."

महिना दीड महिना स्लॅबवर पाणी मारण्यात गेला, त्याचीही पाळी बायकांनी लावली. प्लेटा उतरल्या. कमान नव्हती. खुंटीच्या सळया आता काँक्रीटच्या पोटात होत्या आणि तो वाळलेला हार ताईंनी सळई झाकायच्या आधी काढून देव्हाऱ्यात ठेवला होता.

वैशाखातली संध्याकाळ, ऊन अजून टेपावर होतं. ताई नऊवारी नेसून, डोईवरून पदर घेऊन, झांजा हातात धरून साकवावर आल्या. मागे पेटी घेऊन मी, माझ्यामागे तबलजी, त्याच्यामागे गाव. मधोमध त्या थांबल्या, वाकल्या आणि साकवाला हात लावून तो कपाळाला लावला. मग पल्याड उतरून फणसाखाली उभ्या राहिल्या. माणसं फणसाखाली मावेनात, तेव्हा उरलेली साकवावरच रांगेनं बसली. रऊफभाई कठड्याला टेकून.

मी पेटी उघडली. "काळी चार ना, ताई?" ताईंची नेहमीची पट्टी. उत्सवाच्या दिवशी त्यांनी काळी दोन घ्यायला लावली होती. मला तेव्हा वाटलं होतं, कार्तिकातली थंडी बाधली असेल.

त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि कितीतरी महिन्यांनी बोलल्या. "पट्टी नको. पांढरी एकचा सूर नुसता धरून ठेव. बारीक."

माझ्या हातातून भाता सुटायचा राहिला. तो आवाज नव्हताच. सुपातून कोंडा निसटावा तसं काहीतरी होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं, वाजव.

ताईंनी हात जोडले आणि बोलायला लागल्या.

"साळूबाई काठावर उभी होती..."

समोर दोन वाड्या बसलेल्या. पूर्वीचं आमचं गाव असतं तर हे पुढच्या रांगेच्याही पलीकडे गेलं नसतं. पाठीमागून 'मोठ्यानं, मोठ्यानं' असा गलका झाला असता, पोरांवर आया खेकसल्या असत्या. त्या दिवशी साकवाच्या पार अल्याडच्या टोकाला बसलेल्या माणसांनीही फक्त माना पुढे केल्या. तबलजीनं हात डग्ग्यावरून उचलून मांडीवर ठेवले. मी सूर इतका बारीक केला की तो मलाच जेमतेम ऐकू येई. आणि त्या सुतासारख्या आवाजातलं अक्षर न् अक्षर पऱ्यावरून पलीकडे जात होतं.

"पाणी चढत होतं. साळूबाईनं नावाड्याला हाक मारायला तोंड उघडलं."

आता हाक. गावानं श्वास धरला. माझं बोट सवयीनं तार षड्जाकडे गेलं. ताईंनी माझ्याकडे न बघता डाव्या हातानं खूण केली, नको.

"आणि साळूबाई थांबली," ताई म्हणाल्या. "तिच्या मनात आलं, रोज मी हाका मारते, रोज पाण्याला शिव्या देते, नावाड्याला बोल लावते. आज जरा गप्प बसून बघू. ती खाली बसली. ताट मांडीवर घेतलं. बसली... बसली..."

त्या खरोखरच थांबल्या. खालून पाणी वाहत होतं.

"आणि तिला पलीकडून हाक ऐकू आली. देव तिला हाका मारत होता. आजच नाही, रोजच मारत होता. हिच्या ओरडण्यात हिला ती ऐकू येत नव्हती. देव म्हणत होता, अगं साळू, तुझ्या डाव्या हाताला बघ. पाण्याखाली दगड आहेत. एकापुढं एक, मीच टाकून ठेवलेत. पाय घाल."

फणसाचं एक पिकलं पान ताईंच्या खांद्यावर पडलं.

"साळूबाईनं पाय घातला."

एवढंच. आख्यान संपलं. होडी आलीच नाही, नावाडी आला नाही, आणि कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. तात्या खोत उपरण्याला डोळे पुसत होते. रऊफभाई कठड्यावरचा हात तसाच ठेवून खाली पाण्याकडे बघत होते.

मग आरती झाली. ती मात्र अशी झाली की टेप दुमदुमला. दोन्ही वाड्यांनी साठवून ठेवलेला सगळा आवाज त्या आरतीत ओतला. संपल्यावर तात्या लगबगीनं पुढे आले.

"द्वारका, आता कीर्तन संपलं ना? मला धुळपाशी त्या फणसाबद्दल दोन शब्द बोलायचे होते."

"पुढच्या वर्षी बोल," धुळपदादा प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात देत म्हणाले. "आता गरे खा."

माणसं पांगल्यावर मी पेटीचं आवरण बांधत ताईंपाशी बसलो. त्या ज्येष्ठमधाचं पाणी घोट घोट पीत होत्या.

"ताई, घशाला काय झालं?"

"गेला घसा. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पुष्कळ दिवस बोलू नका, तरी परत येईल असा भरवसा नाही." मग म्हणाल्या, "पौर्णिमेच्या दिवशी पूर्वरंगातच कळलं होतं मला. साळूबाईला काठावर आणून उभी केली आणि जाणवलं, आज हाक येत नाही."

"म्हणून पेटी मिटायला सांगितलीत?"

"मग काय करणार? सगळं गाव हाकेसाठी तोंडाकडे बघतंय. म्हटलं, हाक नाही तर नाही, जागा तर रिकामी आहे. एवढं गाव एका जागी गप्प बसलेलं पुन्हा कधी मिळायचं? साकव तरी बांधून घेऊ." त्या हसल्या, म्हणजे खांदे हलले. "घशाला रजा घ्यायचीच होती रे. ती फुकट कशाला घालवायची?"

"आणि आख्यान? सासऱ्यांच्या आख्यानात तर देव होडी घेऊन येतो."

"होडी यायला नावाड्याला हाक मारावी लागते, मुकुंदा. माझ्याकडे हाक कुठे होती? मग देवालाच म्हटलं, या खेपेला तू मार."

ताईंचा आवाज पुढे थोडा परतला, बोलण्यापुरता. गाणं परतलं नाही. त्यांनी तीन मुलींना कीर्तन शिकवलं, दोघी अल्याडच्या, एक पल्याडची, ती त्या डोलीत आलेल्या सुनेची लेक. ताई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्रिपुरी पौर्णिमेला साळूबाईचं आख्यान आजही होतं आणि पेटीवर मीच असतो. मुलींचे गळे चांगले आहेत, एकीची तर तार षड्जावर सहज झेप जाते. पण त्या जागी ती गप्प राहते. मी भाता सोडून देतो, तबलजी हात मांडीवर ठेवतो, आणि सगळं गाव मान पुढे करून पऱ्याकडे कान लावतं.